सातव्या दिवसाचे रक्त

आलापल्ली
६ मे २०२५

मयुरीताईस प्रणितचा नमस्कार.

तीन दिवस फोन लावला. तुझ्या उपकेंद्राकडचा टॉवर बंद आहे असे सुनिलने सांगितले. सुनिल तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप चालवतो आणि दर दोन दिवसांनी भामरागडच्या पुढे तुझ्या भागातल्या, तेंदूपाने वाळवायच्या फळीवर जातो. हे पत्र तोच देईल. उत्तर त्याच्याच हाती दे.

मामांना शनिवारी इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात भरती केले आहे. तू दोन वर्षे तुझ्या बाबांशी बोलत नाहीस हे मला माहीत आहे. रंभामामीच्या तेरवीला ते पिऊन पंगतीत आले, तेव्हा मी वाढत होतो. म्हणून तुला लिहावे की नाही यात मी एक दिवस घालवला. पण तू नर्स आहेस, आणि इथे जे बोलतात त्यातले निम्मे मला समजत नाही. नववीपर्यंतच्या शिक्षणात हे नव्हते.

एप्रिलच्या मध्याला त्यांचे डोळे पिवळे झाले. गावात चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवली. पाणी पिवळे झाले, म्हणून उतरली असे सगळ्यांनी धरले. आठ दिवस त्यात गेले. मग पोट फुगले. शनिवारी मी जेवण घेऊन गेलो तर मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी फळीवरचे काम तसेच टाकून त्यांना घेऊन आलो.

डॉक्टर मोनाली मॅडम म्हणाल्या की मोहाच्या दारूने लिव्हर सुजले आहे आणि काम सोडत चालले आहे. रिपोर्टातले आकडे दोनदा पडताळून लिहितो. बिलिरुबिन २१.४. आय.एन.आर. २.५. अल्ब्युमिन २.३. क्रिएटिनिन १.१.

कालपासून प्रेडनिसोलोन नावाची गोळी सुरू केली आहे, रोज चाळीस मिलिग्रॅम. ही गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. कोणाला पडेल ते आधी सांगता येत नाही, आणि पेशंटच्या तोंडाकडे बघूनही सांगता येत नाही. म्हणून सात दिवसांनी पुन्हा रक्त काढायचे. आकडे पुरेसे उतरले तर गोळी चालू ठेवायची, नाही तर बंद करायची. मी विचारले, लागू पडली नाही तरी चालू ठेवली तर काय बिघडते. मॅडम म्हणाल्या, या गोळीने अंगाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. फायदा होत असेल तर तो धोका घेण्यासारखा आहे. फायदा नसेल तर उरतो तो धोकाच. आणि गोळी बंद करावी लागली तर पुढे काय, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, पुढचे पुढे बोलू. ते मला आवडले नाही.

सातव्या दिवशी म्हणजे १२ तारखेला रक्त काढतील. ही तपासणी इथे होत नाही, चंद्रपूरला जाते. तोपर्यंत मी कोणत्या आकड्याकडे बघायचे ते कळव. आणि येणे जमेल का तेही.

प्रणित


८ मे

प्रणित,

तुझं पत्र मिळालं. सुनिल म्हणे, बाई, हा कोर्टाचा कागद आहे का, एवढं सरळ अक्षर. मी त्याले सांगितलं, माहा आतेभाऊ नववीतून निघाला तरी शुद्धलेखन घेऊनच निघाला. मी मात्र बोलतो तशीच लिहितो, तू समजून घे.

आधी चुन्याचं. त्या पाण्यात आधीच झाडाची साल टाकून ठेवते तो कावीळ उतरवणारा. कोणाचेही हात धुतले तरी पाणी पिवळंच होते. तू धुऊन पाह्य. मी इथी दर महिन्याले हे सांगतो आणि दर महिन्याले एकजण तिकडं जाऊन येते. माह्याच घरी तेच झालं.

आता तुह्या आकड्यांचं. बिलिरुबिन म्हणजे रक्तातला पिवळा रंग. लिव्हर धड असलं का तो बाहेर टाकते, नसलं का रक्तातच साचते. माणसाले एकाच्या आसपास असाले पाहिजे, बाबांचा एकवीस आहे. आय.एन.आर. म्हणजे रक्त गोठाले किती वेळ लागून राह्यला त्याचं माप. रक्त गोठवाचं सामान लिव्हरच बनवते. हाही एकच्या जवळ असावा. तू या दोनांवर नजर ठेव. दोन्ही खाली आले तर समज लिव्हर पुन्हा कामाले लागलं. एकच आला तर मले लगेच कळव.

मीठ बंद. दिवसातून दोन-तीनदा संडास झालीच पाहिजे, नाई तर पोटातलं विष डोक्यात जाते आणि माणूस बरळते. त्यांले हात पुढं करून धराले सांग, पंखासारखे फडफडले तर सिस्टरले बोलाव. ताप रोज पाह्य. या गोळीवर असलेल्या माणसाले ताप म्हणजे साधा ताप नसते.

मी येऊन नाई राह्यली. इथी मी एकटी आहो. दोन बायांचे दिवस भरले, एकीचं पोर आडवं आहे. हे कारण खरं आहे. दुसरंही खरं आहे, ते तुले माहीत आहे, मी लिहीत नाई.

त्यांले सांगू नको का मी पत्र लिहिलं. आकडे मात्र पाठव.

मयुरी


आलापल्ली
१३ मे २०२५

मयुरीताईस,

आनंदाची बातमी आहे, म्हणून आकडा आधी लिहितो. बिलिरुबिन २१.४ वरून ११.२ वर आले. मी रिपोर्ट मॅडमच्या फोनवर स्वतः पाहिला आणि नावही जुळवून पाहिले. मुखरू, वय ५४, पुरुष. तेच आहेत.

मॅडमने कॉम्प्युटरवर काही हिशेब मांडला आणि म्हणाल्या, निम्म्यावर आले, गोळी लागू पडते आहे असे धरायचे, चालू ठेवू. आय.एन.आर. २.६ आहे, म्हणजे उतरलेला नाही. त्यावर त्या थोड्या थांबल्या होत्या. पण बिलिरुबिन एवढे उतरले आहे तर तोही मागून येईल, आठवड्याने पुन्हा बघू, असे म्हणाल्या. तू दोन्हींवर नजर ठेवायला सांगितले होतेस, म्हणून जसे आहे तसे लिहिले.

नमुना मीच घेऊन गेलो. दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गडचिरोलीला गेली होती. सिस्टरने रक्त यंत्रात फिरवून वरचे पिवळे पाणी वेगळे केले, आणि माझे अक्षर चांगले म्हणून नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मलाच लिहायला दिल्या. मामा खाटेवरून म्हणाले, "मास्तर, नाव नीट लिही. नाई तर माही कावीळ दुसऱ्याच्या अंगावर जाईन." मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. आष्टीच्या अलीकडे एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता, तिथे दीड तास गेला. पण नमुना नीट पोचला. लॅबमधल्या पियुष नावाच्या मुलाने चिठ्ठ्या वाचून म्हटले, इतक्या स्वच्छ चिठ्ठ्या आमच्याकडे येत नाहीत.

मामांना आकडा सांगितला तेव्हा ते उठून बसले. किती होता, किती झाला, हे त्यांनी तीनदा विचारले. संध्याकाळी पातळ वरणभात अर्धी वाटी जास्त खाल्ला. शेजारच्या खाटेवरच्या सोमाजी नावाच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "मी निम्मा बरा झालो, आता निम्माच उरलो."

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती तुझ्याविषयी आहे. मी म्हटले, मयुरीताईला कळवू का? तर म्हणाले, "कळवू नको. बरा होऊन मीच जातो तिच्या उपकेंद्रावर. पायानं जातो. न पिता जातो." तू पत्र लिहिलेस हे मी सांगितलेले नाही. ते कळवू नको म्हणाले असताना हे कळवतो आहे, म्हणजे तुझे ऐकले, त्यांचे ऐकले नाही.

आडव्या पोराचे काय झाले ते लिही.

प्रणित


१५ मे

प्रणित,

पोर सुखरूप झालं. भामरागडपर्यंत खाटेवर नेलं, तिथून गाडी. पोरगी आहे.

तुह्या पत्रातल्या त्या तीन ओळी मी दोनदा वाचल्या. बाबा येतो म्हणतात, पायानं. मले बरं वाटलं, हे मी लपवत नाई. बरं वाटलं म्हणूनच मले भीती वाटून राह्यली, आणि म्हणून विचारतो.

सात दिवसांत पिवळा निम्म्यानं उतरला आणि गोठाचा आकडा जागचा हलला नाई. काऊन? होत नाई असं नाई, पण मले पटत नाई. डोळे पाह्य. रात्रीच्या बल्बात नको, सकाळी खिडकीजवळ. डोळे मागाहून उतरतात हे खरं, तरी काही तरी फरक दिसाले पाहिजे. पोटाचा घेर दोरीनं माप. लघवीचा रंग पाह्य. आणि मले सांग.

दुसरं. माह्यं ट्रेनिंग झालं तिथी नवजात पोरं पिवळी पडली का आम्ही त्यांले निळ्या दिव्याखाली ठेवत असू. डोळ्यावर पट्टी बांधून, उघडं करून. तो उजेड चामडीतला पिवळा रंग तोडते. उजेडानं बिलिरुबिन मरते, प्रणित. पोरात मरते तसं नळीतही मरते. म्हणून बिलिरुबिनची नळी आम्ही काळ्या कागदात गुंडाळून पाठवत असू. कडक उन्हात नळी राह्यली तर तासाभरात आकडा निम्मा होऊ शकते.

तू लिहिलं, दीड तास थांबला आणि नमुना नीट पोचला. मधल्या दीड तासाचं काहीच लिहिलं नाई. तू असा माणूस आहेस का भाजीत किती मोहरी होती तेही लिहितो. तवा विचारतो. नळ्यांले ऊन लागलं का? लागलं असल तर किती वेळ? मी रागावणार नाई. रागवाले वेळ नाई. जी गोळी चालू आहे ती त्या आकड्यावर चालू आहे.

आजच मॅडमकडं जाजो.

मयुरी


आलापल्ली
१८ मे २०२५

मयुरीताईस,

तुझे पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळाले. मी ते दवाखान्याच्या पायरीवर चार वेळा वाचले. मग मॅडमकडे गेलो. जे त्यांना सांगितले तेच तुला लिहितो.

आष्टीच्या अलीकडे बस थांबली तेव्हा डब्यातल्या बर्फाचे पाणी झाले होते. नळ्यांची पिशवी गळत होती. चिठ्ठ्या ओल्या झाल्या आणि शाई पसरू लागली. मामांच्या नावातला 'मु' पुसट झाला. मला वाटले, चंद्रपूरला पोचेपर्यंत नाव गेले तर नमुना कोणाचा हेच कळणार नाही, आणि सातवा दिवस वाया जाईल. सातवा दिवस पुन्हा येत नाही. म्हणून मी उतरलो आणि रस्त्यावरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर, चांगले कडक ऊन बघून, नळ्या वाळत घातल्या. सावलीत ठेवाव्यात असे मनातसुद्धा आले नाही. सात हंगाम मी फळीवर तेंदूपानांचे पुडे उन्हात मांडतो आणि उलटवतो. ओले दिसले की उन्हात मांडायचे, एवढेच हाताला माहीत आहे. नळ्याही मी तशाच उलटवत बसलो. दर पाच मिनिटांनी, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखे ऊन लागावे. घड्याळ लावून चाळीस मिनिटे. चिठ्ठ्या छान वाळल्या. अक्षर मी पेनाने पुन्हा गिरवले.

सकाळी वरचे पाणी मोहरीच्या तेलासारखे दिसत होते. चंद्रपूरला पियुषच्या हातात दिले तेव्हा फिके होते. मी ते पाहिले होते. बर्फाने झाले असेल असे वाटले. हे मी तुला आधी लिहिले नाही, कारण डब्यातून नळ्या बाहेर काढल्याबद्दल कोणी बोलेल अशी भीती होती. उन्हाचे मला माहीत नव्हते. पण बाहेर काढल्या हे मी लपवले.

मॅडमने विचारले, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटे."

"एकाच बाजूनं ऊन लागलं?"

"नाही. मी उलटवत होतो."

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "याले काही सांगू नका बाई, हा अर्धवट करतच नाही." मॅडम हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या की नळी झाकून न्यायची हे त्यांनी सांगायला हवे होते, ते राहिले. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः वॉर्डात जाऊन मामांचे डोळे, पोट आणि हात पाहिले, आणि उद्याची गोळी थांबवा असे लिहिले. काल सकाळी नवे रक्त काढले. नळीवर काळा कागद गुंडाळला आणि दवाखान्याच्या गाडीने सिस्टर स्वतः घेऊन गेल्या. मी हात लावला नाही.

बिलिरुबिन २०.६. आय.एन.आर. २.७. क्रिएटिनिन १.९.

म्हणजे उतरलेच नव्हते. मॅडम म्हणाल्या, सातव्या दिवशीचा खरा आकडा आता कधीच कळणार नाही, पण तो याच्या आसपास असणार. गोळी कायमची बंद केली. ती चार-पाच दिवस जास्त पोटात गेली. परवापासून बारीक ताप आहे, १००.४. पोटातले पाणी तपासले, त्यात जंतू आहेत. सलाईनमधून औषध सुरू केले आहे. क्रिएटिनिन वाढले, म्हणजे किडनीवरही ताण येऊ लागला आहे. मी विचारले, ताप गोळीमुळे आला का? त्या म्हणाल्या, या आजारात गोळीशिवायही येतो, सांगता येत नाही. मी विचारले, नागपूरला नेले तर? त्या तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलल्या. अंगात जंतू असताना लिव्हर बदलत नाहीत, आणि जंतू जाईपर्यंत किडनी तग धरेल असे त्यांना वाटत नाही.

"पुढचे पुढे बोलू" असे मॅडम म्हणाल्या होत्या, ते काल बोलल्या. दिवस मोजता येतील एवढे आहेत. फार तर दोन-तीन आठवडे. शुद्ध पहिल्या दहा दिवसांतच धड राहील.

डोळे सकाळी खिडकीजवळ पाहिले. तेवढेच पिवळे आहेत. तू सांगितल्यावर पाहिले. आधी मी रिपोर्टच बघत होतो.

तू ये. सुनिलची जीप उद्या तिकडून परत निघेल, तिच्यातच बस. उपकेंद्राचे काय करायचे ते तुला ठाऊक.

प्रणित


१३ जून

प्रणित,

मी काल इथी पोचली. टॉवर अजून बंदच आहे, तवा पुन्हा कागद.

माह्या जागी तालुक्यावरून जी सिस्टर पाठवली होती तिनं लसीचं सगळं बराबर ठेवलं. ती पोरगी, आडवी होती ती, वजन धरून राह्यली.

तू दहनाच्या दिवशी माह्याकडं पाह्यत नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाई. तेरवीले वाढत होता आणि माह्या पंगतीत आलाच नाई. म्हणून लिहितो. मी मॅडमले सरळ विचारलं, ती चार-पाच दिवसांची गोळी नसती तर बाबा वाचले असते का? त्या म्हणाल्या, लिव्हरचा आकडा तवाही तोच असता. ताप थोडा उशिरा आला असता, कदाचित आलाच नसता, कदाचित तसाच आला असता. मी नर्स आहो, मले हे उत्तर खरं वाटते. यापेक्षा चांगलं उत्तर कोणी दिलं असतं तर मी मानलं नसतं. तूही यापेक्षा वाईट स्वतःले देऊ नको.

आणि दुसरी बाजू पाह्य. तो अकराचा आकडा तसाच राह्यला असता तर मी इथीच बसली असती, बाबा बरे होऊन राह्यले असं समजून. मग सुनिल एक दिवस निरोप घेऊन आला असता. मले अकरा दिवस भेटले. त्यांतले आठ ते धड बोलत होते.

पण बोललो काय? म्हैस कोणाले द्याची, छपराच्या बांबूच्या फाट्या, तुह्या लग्नाचं. मी त्यांचे पाय चेपून दिले, त्यांनी माह्या हातची पेज पेली. आईच्या तेरवीचं त्यांनी काढलं नाई, मीही नाई काढलं. मले वाटे उद्या काढू. मग नवव्या दिवशी ते मले आई म्हणून हाक माराले लागले.

एकच विचारतो. तू त्यांले खरा आकडा सांगितला तवा ते काय बोलले? माह्याविषयी काही? तुह्या पत्रात सगळं होतं, तापाचा पॉइंटसुद्धा. आणि शेवटी नुसतं "ये". तुह्यासारख्या माणसानं एवढं कमी लिहिलं म्हणजे काही तरी काढून टाकलं आहे.

मयुरी


आलापल्ली
१७ जून २०२५

मयुरीताईस,

होय, काढून टाकले होते.

मॅडम म्हणाल्या, पेशंटला मी सांगते. मी म्हटले, पहिला आकडा मी सांगितला होता, हाही मीच सांगतो. १७ तारखेच्या संध्याकाळची गोष्ट. मामा उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, आज सिस्टरनं गोळी नाई दिली. बरा झालो का?"

मी मोरीपासून सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "खरा किती निघाला?"

"वीस पूर्णांक सहा."

"म्हणजे उतरलाच नाई."

"थोडा. पण नाहीच."

शेजारचे सोमाजी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले, म्हणजे झोपल्याचे दाखवले. मग मामा म्हणाले, "आजपर्यंत लोकाईनं माह्यावर पाणी ओतलं, शिव्या ओतल्या. उन्हात वाळू घालाले कोणी ठेवलं नव्हतं. तेही तू केलं." आणि हसले. मला रडू येत होते, त्यांनी मला ते करू दिले नाही. मला म्हणाले, पाणी दे.

पाणी पिऊन त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुले मी काय सांगितलं होतं, मयुरीचं?"

मी म्हटले, कळवू नको, बरा होऊन पायाने जाईन, न पिता जाईन.

"ते आता होत नाई," ते म्हणाले. "मंग बोलाव तिले. चांगला होऊन दाखवाचं होतं. नाई जमलं. आहे तसा मले पाहून जाईन ती."

मी तिथेच खाटेच्या कडेवर कागद ठेवून तुला पत्र लिहिले आणि ते पुढे जे बोलले तेही सगळे त्यात लिहिले. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवायला लावले. शेवटचा भाग वाचला तेव्हा म्हणाले, "हे काढ. पोरगी येईन तं माह्यासाठी येईन, का असं वाचून कीव करून येईन? नुसतं ये म्हण. आली तं मी सांगतो तिले माह्या तोंडानं." मी खोडाखोड ठेवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ण पान नव्याने लिहिले. ते तुला सांगतील असे मी धरून चाललो होतो. तू आल्यावर मी दरवेळी मुद्दाम बाहेर जाऊन बसायचो, त्यांना सांगायला मोकळीक मिळावी म्हणून. त्यांनाही बहुतेक उद्या काढू असेच वाटत होते.

आता त्यांच्या तोंडून ते होणार नाही. म्हणून काढलेला भाग लिहितो. त्या रात्रीच्या पानावरचे शब्द मला पाठ आहेत, फिरवून लिहीत नाही.

"गेल्या संक्रांतीले मी तिच्या उपकेंद्रावर गेलो होतो. खिशात तिळाचे लाडू होते, तिच्या आईच्या हातचे नाई, बाजारातले. घरून न पिता निघालो. भामरागडले उतरलो तवा हिंमत होईना, म्हणून थोडी घेतली. मंग पायी गेलो. उपकेंद्राच्या अलीकडं नाला आहे तिथवर गेलो. तिथून तिचं दार दिसते. ती बाहेर बसून एका पोराचं डोकं धुऊन देत होती. माह्या तोंडाचा वास मलेच येऊन राह्यला होता. मी लाडू तिथल्याच एका पोट्ट्याले दिले आणि परत फिरलो."

मी विचारले, नाल्याला पाणी होते का?

ते म्हणाले, "गुडघ्याएवढंच."

प्रणित